घराण्याचं खूळ

कान्यादा ओंदा, यारुमालच्या वर
९ फेब्रुवारी २०१४

आल्देमार,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी म्हणशील, हिला आता काय पाहिजे. सांगते. मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, बाकी काही नको. तू यावंस असं म्हणत नाही, माफही करू नकोस. फोन केला असता, पण फोन तू कापतोस. पत्र कापता येत नाही. फार तर फाडशील, पण तोवर निम्मं वाचून झालेलं असेल.

प्रश्न असा: आईचं खूळ नेमकं कधी सुरू झालं? अगदी पहिली गोष्ट कोणती होती?

मी तेव्हा लग्न होऊन खाली यारुमालला होते. आईजवळ घरात तू होतास. मला आठवतं ते सगळं नंतरचं आहे. ती तुला एलिआस मामा म्हणायला लागली, चुलीवर रिकामं भांडं ठेवून ढवळत बसली, ते. त्याच्या आधीचं मला पाहिजे. कारण ते मला माझ्याशी ताडून पाहायचं आहे.

मी एक्केचाळीस पूर्ण केली. एलिआस मामाचं चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं, आईचं सेहेचाळिसाव्या. आपल्या घराण्यात माणसं वाढदिवस मोजत नाहीत, किती राहिले ते मोजतात. डॉक्टर त्याला अल्झायमर म्हणोत, इथे अजून खूळच म्हणतात आणि अजूनही म्हातारे सांगतात की अमुक झाडाला हात लावला की ते लागतं. झाडाचं मी मानत नाही. पण जानेवारीत दोनदा माझा घेवडा करपला. वासराला मी गेल्या साली मेलेल्या वासराच्या नावाने हाक मारली. आणि एका रविवारी यारुमालच्या बाजारात दोरीच्या दुकानासमोर उभी राहिले, तर कशाला आले तेच आठवेना. दुकानदार म्हणाला, "काय देऊ, रुबिएलाबाई?" मी म्हटलं, "काही नको, बघायला आले." दोरी बघायला कोण येतं?

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. तरी त्यांना कळलंय. नवरा असून हिल्दार्दो माझ्याकडे असा बघतो, जसं आपण आजारी गाईकडे बघतो, लांबून, तिच्या लक्षात येऊ नये म्हणून. लेक युरानी सतरा वर्षांची झाली, ती मी बोलताना माझ्या ओठांकडे बघते. कुठला शब्द अडतो ते शोधते. आणि ती लुसेली, मेदेयिनच्या डॉक्टरांची नर्स, जी वर्षातून एकदा बर्फाचा डबा घेऊन सगळ्यांचं रक्त न्यायला यायची, ती गेल्या महिन्यात दोनदा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी गोठ्याच्या मागून येत होते. दुधाच्या कॅनजवळ ती आणि हिल्दार्दो कुजबुजत होते. मला बघताच हिल्दार्दो मोठ्याने म्हणाला, "यंदा गवत बरं आहे हं, लुसेली!"

गवत. त्या बाईने आयुष्यात गवताची चौकशी केलेली नाही.

मला इथे कुणी खरं सांगणार नाही. म्हणून तुला लिहिते. आईच्या मयतीनंतर, तिचं डोकं, म्हणजे आतला मेंदू, मी डॉक्टरांना तपासायला दिलं म्हणून, तू मला खाटीक म्हणालास आणि निघून व्हेनेझुएलात गेलास. पाच वर्षं माझं तोंड पाहिलं नाहीस. ज्याच्या मनात आपला राग असतो, तो निदान गोड बोलून फसवत तरी नाही.

पहिली गोष्ट काय होती, तेवढंच लिही.

रुबिएला

*

कान्यादा ओंदा
३० मार्च २०१४

आल्देमार,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "सगळं ठीक आहे. इथे उकाडा फार. तू काळजी करू नकोस. आईला नमस्कार सांग."

आईला नमस्कार सांग!

पाच वर्षांत तुला एवढीच थट्टा सुचली? तिच्या पेटीवर माती टाकताना तू माझ्या शेजारी उभा होतास. मी खाटीक असेन, पण मेलेल्या माणसावरून टोमणे मारणारी नाही. पत्र चुलीत घालणार होते. मग नीट बघितलं. अक्षर तुझं नाही. गोल गोल, शाळेतल्या बाईंसारखं. खाली तुझं नाव तेवढं तुझ्या हातचं, आणि तेही घसरत कागदाबाहेर गेलेलं. म्हणजे तू तोंडाने सांगितलंस आणि त्या याहाइराने लिहिलं? की तिनेच लिहिलं आणि तुझ्यासमोर कागद सरकवला? तुझ्या बायकोला मी कधी पाहिलेलं नाही, पण एक कळलं, माझं पत्र आधी ती वाचते. तर बाई, तुम्हीही वाचा. माझ्या भावाला माझ्यापासून लपवून तुम्हाला काय मिळतं?

आता दुसरी गोष्ट ऐक. आमच्याकडे फोनला रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीजवळ येते. हिल्दार्दो हल्ली दर गुरुवारी तिकडे जातो. म्हणतो, झडप बघून येतो. गेल्या गुरुवारी तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन बघितला. नवऱ्याचा फोन बघणारी बायको मला कधी आवडली नाही, तरी बघितला. पाच वेळा एकच नंबर. सुरुवातीला अठ्ठावन्न. मी युरानीला सहज विचारलं, "अठ्ठावन्न कुठला गं?"

"व्हेनेझुएला," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

म्हणजे तिलाही माहीत आहे.

तू माझा फोन कापतोस आणि माझ्या नवऱ्याशी दर गुरुवारी बोलतोस. काय बोलता? माझ्याबद्दलच असणार. मला कुठे ठेवायचं ते ठरवता? आई शेवटी शेवटी रस्त्यावर पळायची म्हणून तिला मागच्या खोलीत कडी लावून ठेवायचो, ते मी विसरलेले नाही. त्या खोलीत आता बियाणं आहे. परवा हिल्दार्दोने ती झाडून काढली. मी विचारलं, "कशाला?" तर म्हणाला, "उंदीर झालेत."

मी झोपत नाही. पडून राहते आणि पाठ म्हणते. डॉक्टरांच्या परीक्षेत जे शब्द सांगून पुन्हा विचारतात, ते आपल्या सगळ्या चुलतभावंडांना पाठ आहेत, तुला ठाऊक आहे. ढोल, पडदा, घंटा, कॉफी, शाळा. एकमेकांना फोडून सांगतात, लहानपणी शाळेत सांगायचो तसे. मी ते रोज म्हणते. रोज येतात. म्हणून मला वाटतं, डॉक्टरांनी शब्द बदलले असतील.

काल कात्री सापडेना. मी युरानीला नाही नाही ते बोलले. चोर म्हटलं. ती रडली नाही, हेच मला खटकलं. ती फक्त म्हणाली, "बरं आई, मीच घेतली असेल." आजारी माणसाशी वाद घालू नये, असं तिला कुणीतरी शिकवलंय. कात्री माझ्याच एप्रनच्या खिशात होती.

तू मला पहिली गोष्ट अजून सांगितली नाहीस.

रुबिएला

*

मेदेयिन, बस अड्ड्यावरून
१८ मे २०१४

आल्देमार,

बस सुटायला तीन तास आहेत, म्हणून इथेच बाकावर लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलं तर हात थंड पडलेत असं समज, दुसरं काही समजू नकोस.

दोन दिवस परीक्षा झाली. मीच लुसेलीच्या मागे लागले. म्हटलं, तुमची कुजबूज पुरे झाली, मला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन चल. शब्द खरंच बदललेले होते. सुरुवातीलाच मला घाम फुटला. घड्याळ काढायला सांगितलं, सव्वाअकराचं. काढलं. मग त्या यंत्रात झोपवलं, जिथे डोक्याभोवती कुणी पत्र्यावर हातोडे मारतंय असं वाटतं.

डॉक्टर बेदोया म्हणून बाई आहेत. पन्नाशीच्या, चपला घासत चालतात, स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधतात. मला ते बघून बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "रुबिएलाबाई, तुम्ही किती झोपता?"

"दोन तास. कधी तीन."

"आणि बाकीचा वेळ?"

"लक्ष ठेवते."

"कुणावर?"

मी दाराकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या परीक्षेत मला तुमच्या आईसारखं काही दिसत नाही. तुम्ही शब्द विसरत नाही, तुम्ही तो ऐकतच नाही. तुमचा जीव सगळा दाराकडे लागलेला असतो. घाबरलेला माणूस असाच विसरतो."

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांना हेच सांगत असाल. रक्तात काय आहे ते तुम्ही कुणालाच सांगत नाही."

"नाही सांगत," त्या म्हणाल्या. "तो नियम आहे. रक्तातलं सांगत नाही. टेबलावर जे दिसतं ते सांगते. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

विश्वास अर्धाच बसला. पण मी एक विचारून घेतलं, जे पंधरा वर्षं विचारायचं होतं. मी म्हटलं, "भीतीने हे खूळ लागतं का? धक्का बसला म्हणून?"

त्यांनी एक कागद घेतला, डोकं काढलं, आणि मानेशी, जिथे मेंदू कण्याला मिळतो तिथे, निळ्या पेनाने बारीकसा ठिपका दिला. म्हणाल्या, "ही जागा खरंच निळसर असते. तांदळाच्या दाण्याएवढी. कुत्रा भुंकला, कुणी बंदूक रोखली, की पहिली घंटा इथे वाजते आणि अख्ख्या मेंदूला जाग येते. आणि या आजाराच्या अगदी पहिल्या खुणा ज्या थोड्या जागी दिसतात, त्यातली ही एक. म्हणून आम्हाला संशय आहे की दोहोंचा काहीतरी संबंध असावा."

"संशय? तुम्हालाही?"

त्या हसल्या. "आमचा तोच धंदा आहे. उंदरांना सतत भेदरवत ठेवलं की त्यांचा आजार वाढतो, हे दिसलंय. माणसांचं अजून ठाम सांगता येत नाही. पण तुमच्या घराण्याचं एक ठाम सांगते. तुमच्याकडे हा आजार भीतीने येत नाही, जन्मासोबत येतो. ज्याच्या रक्तात तो आहे, त्याच्या मेंदूत तिशीच्या आतच गाळ साठायला लागतो. माणूस तेव्हा नाचत असतो, लग्न करत असतो. विसरायला लागतो त्याच्या पंधरा वर्षं आधी सगळं सुरू झालेलं असतं."

"म्हणजे माझ्या आईचं..."

"तुमच्या आईचा मेंदू मी पाहिलाय. एका वर्षाच्या दुःखाने तसं होत नाही. कुणाच्याच चाळीस दिवसांनी होत नाही."

चाळीस दिवस मी उच्चारले नव्हते. लुसेलीने सांगितले असणार. पण त्या क्षणी मला लुसेलीचा राग आला नाही.

आल्देमार, आता मी ते लिहिते, जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

आपण आईच्या डोक्यावरून भांडलो, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं नाही. तू मला खाटीक म्हणालास. पण तू गेलास तो त्यावरून नाही. त्यानंतर मी जे बोलले त्यावरून गेलास. मी म्हणाले, "मी तिचं डोकं मेल्यावर दिलं. तू ते ती जिवंत असताना खाल्लंस. तुझ्या त्या चाळीस दिवसांनी खाल्लं."

माहेरच्या अंगणात, सगळ्यांसमोर. पाद्रीसुद्धा होते.

तुला त्या बंदूकवाल्यांनी दुधाच्या गाडीसकट नेलं, त्यांना डोंगरात गाडी चालवायला माणूस हवा होता म्हणून. तू काही हौसेने गेला नव्हतास. अठ्ठावीस वर्षांचा होतास. आई चाळीस दिवस फाटकाशी बसून होती, आणि तू दुसऱ्याच कुणाचे तरी बूट घालून परत आलास, तेव्हा तिने तुला एलिआस म्हटलं. अख्खा गाव म्हणाला, धक्क्याने गेली. मीही म्हणत राहिले. मला ते सोयीचं होतं. धक्क्याने झालं असेल तर रक्तात नाही. रक्तात नसेल तर माझ्यात नाही, युरानीत नाही. एवढ्यासाठी मी ते तुझ्या माथी मारलं.

ते खोटं होतं. डॉक्टर बेदोया म्हणतात खोटं होतं. आणि मला आता वाटतं, मला तेव्हाही आतून माहीत होतं. तुला नेलं त्याच्या आदल्या नाताळात आईने खिरीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं, आणि आपण सगळे तिला हसलो होतो. ती पहिली गोष्ट होती ना? तुला विचारत बसले, आणि मलाच ठाऊक होतं.

बस लागली.

रुबिएला

*

कान्यादा ओंदा
६ जुलै २०१४

याहाइरा,

हे पत्र तुला आहे, आल्देमारला नाही. तुझं मोठं पत्र मिळालं. गोल अक्षर बघून मी आधी ते टेबलावरच टाकलं, आणि भांडी अर्धी घासून झाल्यावर, हिला काय सांगायचंय ते तर बघू म्हणून उघडलं. खरकटं तसंच राहिलं.

तर त्याला खूळ लागून दोन वर्षं झाली. मला वाटलं होतं तू त्याला माझ्यापासून तोडतेस. आणि तू त्याच्या बुटांचे बंद बांधत होतीस.

"आईला नमस्कार सांग" हे त्याने मनापासून सांगितलं होतं, आणि तू ते तसंच लिहिलंस, कारण तो समोर बसून बघत होता. मी त्याला थट्टा म्हटलं. ते वाचून दाखवलं नाहीस ना? नसशीलच. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

आमच्या घरात काय झालं तेही तुला कळू दे, कारण माझ्या नवऱ्याने वचन घेऊन तुलाही गप्प बसवलं होतं. मी तुझं पत्र हातात घेऊन गोठ्यात गेले. तो धार काढत होता. मी म्हटलं, "आल्देमारला खूळ लागलंय."

त्याने हात थांबवला नाही. म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"ज्याने सांगायचं त्याने नाही सांगितलं. तुला केव्हापासून माहीत आहे?"

"जानेवारीपासून. त्याच्या बायकोने फोन केला होता. त्याला काय औषध चालतं ते तिला विचारायचं होतं. मी लुसेलीला विचारून दर गुरुवारी तिला कळवायचो."

"आणि मला?"

तेव्हा तो उठला. तुला सांगते याहाइरा, हा माणूस बैल उधळला तरी घाबरत नाही. पण तो गाईच्या आड जाऊन उभा राहिला. म्हणाला, "रुबिएला, तुझ्या भावाचं कळलं तर तू घाबरशील, आणि घाबरलीस तर तुझंही सुरू होईल. सगळे म्हणतात धक्क्याने ते वर येतं. तुझ्या आईचं तसंच आलं, तूच सांगत होतीस ना जगभर? मी ठरवलं, या घरात कुणी तुला धक्का द्यायचा नाही. युरानीला शपथ घातली. लुसेली म्हणत होती सांगून टाक. मीच ऐकलं नाही."

"म्हणजे मी घाबरू नये म्हणून तुम्ही सहा महिने मला घाबरवलंत?"

"हो," तो म्हणाला. "तसंच झालं बघ."

मग आम्ही दोघं तिथेच शेणात बसून हसलो. रडलोही असू. बादली गाईने लाथाडली. आणि ती मागची खोली? खरंच उंदीर होते.

मी त्याच्यावर रागावणार होते, पण कुठल्या तोंडाने? धक्क्याचं ते बोलणं मीच या घरात आणलं होतं. तेच फिरून त्याच्या तोंडून माझ्याकडे आलं.

आता तुझ्या पत्रातल्या त्या ओळीबद्दल. ती मी इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. तू लिहितेस, त्याला आता गल्लीचं नाव आठवत नाही, स्वतःचं वय आठवत नाही, कधीकधी तुला 'सिस्टर' म्हणतो, पण रोज सकाळी उठला की एकच विचारतो, "माझ्यामुळे आईला लागलं ना?"

मी काल टाकीजवळ जाऊन डॉक्टर बेदोयांना फोन केला. विचारलं, सगळं पुसलं जातं आणि हेच का राहतं? त्या म्हणाल्या, भीतीची आणि अपमानाची गोष्ट आत जाते तेव्हा ती घंटा वाजत असते. घंटा वाजताना जे आत जातं ते फार खोल बसतं. नाव, तारीख, वाट अशा गोष्टी वरवर असतात, त्या आधी जातात. मग त्यांनी विचारलं, "त्याला जे बोललं गेलं ते कुणी बोललं होतं?" मी म्हटलं, "मी."

सोबत वेगळा कागद घातलाय. छोटाच आहे, मोठ्या अक्षरात. तो रोज सकाळी त्याला वाचून दाखव:

"आल्देमार, मी रुबिएला, तुझी बहीण. आईचं खूळ तुझ्यामुळे नव्हतं. ते तिच्या रक्तात होतं, तू जन्मायच्या आधीपासून. डॉक्टरांनी तिचा मेंदू बघून सांगितलं. मी अंगणात जे बोलले ते खोटं होतं."

त्याने भागेल का, ठाऊक नाही. तू मला वहिनी म्हणू देशील का, तेही ठाऊक नाही. पण म्हणते. वहिनी, मी येतेय. कॉफीची खुडणी सुरू व्हायच्या आत निघेन. तुमच्याकडे मक्याचं पीठ मिळत नाही असं हिल्दार्दो सांगत होता. जमेल तेवढं आणते.

रुबिएला

*

माराकाइबो
२ सप्टेंबर २०१४

हिल्दार्दो,

फोनवर तू सारखं "पण तू बरी आहेस ना?" एवढंच विचारतोस आणि मग कार्ड संपतं. म्हणून लिहिते. मी बरी आहे. सहा तास झोपते, या उकाड्यातसुद्धा. काल बसस्टॉपचं नाव विसरले. याहाइरा म्हणाली, तीही विसरते. मग सोडून दिलं.

आम्ही शुक्रवारी निघतोय, तिघंही. याहाइराने शाळेतली नोकरी सोडली, तिला ते सोपं गेलं नाही. ती आधी म्हणत होती, "तुमच्या त्या थंडीत मी काय करू?" मग आम्ही दोघी पिठाच्या रांगेत चार तास उभ्या राहिलो, दंडावर पेनाने नंबर लिहून घेतला, आणि आमचा नंबर येईतो पीठ संपलं. घरी येताना ती म्हणाली, "थंडीत तुमच्याकडे काय घालतात?" मागची खोली पुन्हा झाडून ठेव. दाराची कडी मात्र काढून टाक. युरानीला सांग, पेचकस चौथ्या खणात आहे. आणि तिला सांग, तिने आता माझ्या चुका मला तोंडावर सांगायच्या. तूही. माझ्या रक्तात काय आहे ते मी विचारणार नाही, ती विचारणार असेल तर तिचं ती ठरवेल. पण तुम्हा दोघांना डोळ्यांनी जे दिसेल ते लपवायचं नाही. एवढं वचन दे. झडप बघायला जातो म्हणून टाकीवर जाणं बंद.

आता आल्देमारचं. तुला तेच ऐकायचंय, आणि फोनवर मला ते सांगता येत नव्हतं.

मी आले त्या दिवशी तो परसात आंब्याखाली झोपाळ्यावर बसला होता. केस पांढरे झालेत, पण चेहरा तरुणच, तुला आठवतो तसा. मला बघून उठला आणि हात पुढे केला. शिकवल्यासारखं म्हणाला, "या, बाई. बसा. कॉफी घ्याल?"

त्याने मला तुम्ही म्हटलं. मला, जिच्या वेण्या त्याने खांबाला बांधल्या होत्या.

याहाइराने सांगितलं, "अरे, ही रुबिएला."

तो हसला, मान हलवली. त्याला नाव माहीत होतं, पण ते त्याने माझ्यावर ठेवून बघितलं आणि बसत नाही म्हणून उचलून घेतलं. मी मक्याच्या पिठाच्या आरेपा थापून भाजल्या, आपल्या, पातळ, बिनमिठाच्या. त्याने एक घास घेतला आणि याहाइराकडे बघून म्हणाला, "बघ, याला आरेपा म्हणतात. तू करतेस ती उशी असते." ती म्हणाली, "पाच वर्षं उशा खाऊनच जगलास!" आम्ही तिघं हसलो. तेवढ्यात मला वाटलं ओळखेल. नाही ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, आणि याहाइराने लिहिलं होतं तसंच झालं. तोंड धुतलं, खुर्चीत बसला, हात मांड्यांवर ठेवले, आणि विचारलं, "माझ्यामुळे आईला लागलं ना?"

माझा कागद भिंतीला चिकटवलेला आहे. याहाइरा तो वाचायला उठली. दोन महिने रोज वाचत होती बिचारी. पण तो म्हणाला, "ते कागदावर लिहिलंय. कागदावर कुणीही काहीही लिहितं." आपल्या घराण्यातला संशय, तोही जाता जात नाही.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. त्याचे गुडघे धरले. म्हटलं, "आल्देमार, तुझ्यामुळे नाही. आईच्या रक्तात होतं. तुला नेलं त्याच्या आधीच तिचं सुरू झालं होतं. तिने खिरीत मीठ घातलं होतं, आठवतं? आपण सगळे हसलो होतो."

त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "तू सगळी वाटी संपवलीस. मीठ घातलेली. आईला वाईट वाटू नये म्हणून."

मी संपवली होती, हिल्दार्दो. मला आठवतही नव्हतं. आणि त्याने तू म्हटलं होतं.

पण ते तेवढ्यापुरतंच. लगेच त्याची नजर बदलली, आणि तो पुन्हा मला बाई म्हणायला लागला. त्याने इकडेतिकडे बघितलं, याहाइरा स्वयंपाकघरात गेली होती. मग तो वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, तुम्हाला हे नक्की माहीत आहे? माझ्यामुळे नाही?"

"नक्की. डॉक्टरांनी सांगितलं."

"मग एक काम करा," तो म्हणाला. "तिकडे डोंगरात माझी बहीण असते. रुबिएला म्हणून. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. ती अजून रागावलेली आहे. तिला सांगाल?"

तो वाट बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"सांगते," मी म्हटलं. "आजच सांगते."

"तिला नीट समजावा," तो म्हणाला. "एकदम सांगू नका. घाबरेल ती."

रुबिएला